मंजूर छाती

बायोइंजिनियरिंग विभागात मंजूर छाती एकच होती, आणि ती स्टँडर्डकाकांची होती. तसा कागदच होता. त्यावर समितीच्या पाच जणांच्या झोकदार सह्या होत्या, खाली काकांची शाळकरी अक्षरातली सही होती, आणि तो कागद उपकरणांच्या लॅबमध्ये दाराशेजारी काचेत लावलेला होता. नवीन मुलं तो वाचून हसायची. तिसऱ्या वर्षाला आली की हसायची थांबायची, कारण तेव्हा त्यांचे मार्क त्या छातीवर अवलंबून असायचे.

त्याचं झालं असं. एकवीस वर्षांपूर्वी तिसऱ्या वर्षाच्या एका पोराने स्वतः बनवलेलं इसीजीचं सर्किट स्वतःच्याच छातीला लावलं, आणि तेही थेट भिंतीतल्या प्लगवर. पोरगा वाचला, दोन दिवस डावा हात बधिर राहिला एवढंच, पण कॉलेजची पाचावर धारण बसली. समिती बसली. समितीने ठरवलं की ह्यापुढे मुलांनी बनवलेलं काहीही मुलांना लावायचं नाही, बॅटरीशिवाय चालवायचं नाही, आणि लावायचंच झालं तर नीट तपासणी झालेल्या, लेखी संमती दिलेल्या एकाच माणसाला लावायचं. आता असा माणूस कोण? शिक्षक मंडळी छताकडे बघू लागली. कुणाला रक्तदाब होता, कुणाच्या बायकोला चालणार नव्हतं, आणि जे धडधाकट होते त्यांना अचानक क्लास आठवला.

काका तेव्हा अडतीस वर्षांचे होते आणि लॅब असिस्टंट होते. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून इथे आलेला माणूस. शिक्षण जेमतेम, पण सोल्डरिंगचा हात असा की डिग्रीवाले येऊन मागे उभे राहून बघायचे. ते म्हणाले, "मला लावा. माझं काय जातंय?" त्यांना इस्पितळात पाठवलं, नखशिखांत तपासलं. तिथल्या डॉक्टरांनी इसीजीची पट्टी उजेडात धरून म्हटलं, "ही पुस्तकात छापायला हवी." पुस्तकात नाही, पण भिंतीवर ती लागली, मंजुरीच्या कागदाच्या खालीच. मुलाच्या बारशाला मिरवला नसेल एवढा त्या पट्टीचा मान काकांनी मिरवला. त्यांना मूलबाळ नव्हतं, हेही इथे सांगून टाकलेलं बरं. काकू शेजारपाजारी सांगायच्या, "आमच्या ह्यांच्या छातीवर हजार-बाराशे इंजिनियर झालेत." ऐकणाऱ्या बाईला काही बोध व्हायचा नाही, पण काकूंना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

कामाची पद्धत ठरलेली होती. प्रत्येकाने आपला बोर्ड बनवायचा, काकांच्या छातीला आणि पायाला चिकटपट्ट्या लावायच्या, वायरी जोडायच्या आणि पडद्यावर रेघ आणायची. आधी एक बारका उंचवटा, मग एकदम उंच सुळका, सुळक्यानंतर थोडा सपाट रस्ता आणि शेवटी एक टेकडी. परीक्षकांचा सगळा डोळा त्या सपाट रस्त्यावर. तो खाली बसता कामा नये, वर चढता कामा नये. बोर्ड कच्चा असला की हमखास तिथेच घोळ होतो. त्यासाठी बोर्डवर एक बारीक स्क्रू ठेवलेला असे, मुलं त्याला सपाटीचा स्क्रू म्हणत. तो फिरवला की रस्ता वर-खाली व्हायचा. भिंतीवरच्या पट्टीशी रेघ जुळली की काका छातीवरच्या वायरी लोंबकळत असतानाच वाकायचे आणि स्क्रूच्या डोक्यावर, खाचेच्या टोकाशी, लाल नेलपॉलिशचा थेंब सोडायचे, म्हणजे स्क्रू जागचा हलत नाही. जुन्या रेडिओवाल्यांची ही रीत. नेलपॉलिश काकूंचं असे. काकूंनी ते आयुष्यात एकदाही बोटांना लावलं नव्हतं, पण दरवर्षी एक बाटली आणून द्यायच्या.

कधी एखादं पोर घामाघूम होऊन म्हणायचं, "काका, रस्ता खाली बसतोय हो. काय करू?"

काका स्टुलावर ताठ बसलेले. हलले तर रेघ थरथरते, म्हणून फक्त ओठ हलवून म्हणायचे, "छाती बरोबर आहे, बाळा. स्क्रू फिरव."

एकवीस वर्षांत हे वाक्य त्यांनी किती वेळा म्हटलं असेल, ह्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. मुलांनी ते ऐकलं, बोर्ड जुळवले, पास झाली आणि पांगली. कुणी इस्पितळात गेलं, कुणी कारखान्यात, कुणी परदेशी. त्यातला लांब्या काकांचा सगळ्यात लाडका. सहा फूट दोन इंचांचा, वाकून सोल्डरिंग करताना पाठीची कमान झालेला. नऊ वर्षांपूर्वीच्या बॅचमधला पहिला नंबर त्याचा. दरवर्षीचा सर्वांत चांगला बोर्ड लॅबच्या कपाटात ठेवायचा प्रघात होता, त्यात त्याचा बोर्ड अजून होता. आता तो शहरातल्या मोठ्या इस्पितळात सगळ्या मशीनचा प्रमुख होता आणि वर्षातून एकदा तरी काकांना फोन करायचा.

मंजुरीच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की संबंधित व्यक्तीची वैद्यकीय तपासणी दरवर्षी व्हावी. पहिली दोन वर्षं ती झाली. तिसऱ्या वर्षी काका म्हणाले, "साठ पोरं दरवर्षी माझा इसीजी काढतात, मॅडम. आणखी डॉक्टर कशाला?" लॅबच्या मॅडमना ते पटलं. समितीलाही पटलं. साठच्या साठ बोर्डांवर रेघ भिंतीवरच्या पट्टीशी तंतोतंत जुळते, ह्याहून मोठा दाखला कुठला? जगात इतका तपासलेला दुसरा माणूस सापडला नसता.

हल्ली काका जिन्यात थांबायला लागले होते. लॅब दुसऱ्या मजल्यावर. पहिल्या मजल्याच्या वळणावर सूचनाफलक होता, तिथे ते रोज सूचना वाचायचे. वसतिगृहाची, ग्रंथालयाची, हरवलेल्या छत्रीची, सगळ्या. एके दिवशी घरी गेल्यावर काकू म्हणाल्या, "अहो, मघाशी जिन्यात थांबलात तुम्ही."

"नोटीस वाचत होतो."

"आपल्या जिन्यात कसली नोटीस?"

काकांनी चपला कोपऱ्यात नीट लावल्या आणि त्या प्रश्नाकडे कानाडोळा केला. त्या दिवसापासून काकू जिन्यात त्यांच्या मागे न चालता पुढे चालू लागल्या. मागे वळून बघायला निमित्त हवं म्हणून हातातली पिशवी मुद्दाम दर पाच पायऱ्यांनी दुसऱ्या हातात घ्यायच्या.

ह्या वर्षी मात्र लॅबमध्ये काहीतरी बिनसलं होतं. मुलं स्क्रू फिरवायची, फिरवायची आणि स्क्रू टोकाला जाऊन अडायचा, तरी रस्ता खालीच. मॅडमनी दोन दिवस डोकं खाजवलं आणि मग निकाल दिला, "हल्ली बाजारात सुटे भाग भिकार येतात." त्यांनी सगळ्यांना एक रेझिस्टर बदलायला सांगितला, प्रयोगाच्या वहीत तशी दुरुस्ती छापून घेतली, आणि स्क्रूला पुन्हा फिरायला जागा मिळाली. सगळे खूश झाले. नाखूश होती ती एकटी खोडरबर.

ती तिसऱ्या वर्षाची मुलगी. आकृती काढायची, खोडायची, पुन्हा काढायची, म्हणून वर्गाने तिला हे नाव दिलेलं. बोलायला धड नाही, पण एकदा डोक्यात भुंगा शिरला की तिची झोप उडायची. तिने रेझिस्टर बदलला नाही. यंत्रातून एक बनावट ठोका तयार करून तिने आपल्या बोर्डला दिला. ठोका जसा आत गेला, अगदी तसाच बाहेर आला. स्क्रू मधोमध. म्हणजे बोर्ड बरोबर होता. तिने पुन्हा करून पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं, वहीतलं उत्तर खोडून पुन्हा तेच लिहिलं. मग काकांकडून किल्ली मागून घेतली आणि कपाट उघडलं.

वीस वर्षांचे वीस बोर्ड. तिने ते लांब टेबलावर वर्षांच्या क्रमाने मांडले. पहिल्या अकरा बोर्डांवर लाल थेंब बरोब्बर वर होता, घड्याळात बाराच्या जागी. लांब्याच्या बोर्डवर तो तीनवर आला होता. त्यानंतरच्यावर चारला. मग पाच, मग सहा. गेल्या वर्षीच्या बोर्डवर आठ वाजून गेले होते. एकही थेंब मागे आलेला नव्हता. बारा वेगवेगळ्या दुकानांतले सुटे भाग, वेगवेगळी पोरं, वेगवेगळे हात, आणि स्क्रू मात्र सगळे एकाच दिशेला, दरवर्षी थोडे पुढे.

ती आधी मॅडमकडे गेली. मॅडम वाईट बाई नव्हत्या, पण परीक्षा दोन दिवसांवर आली होती आणि बाहेरचे परीक्षक कडक होते. "जुने बोर्ड आहेत गं," त्या कागदातून मान वर न करता म्हणाल्या. "भाग म्हातारे होतात. तू तुझा स्क्रू फिरव आणि मोकळी हो. आणि हे काकांच्या कानावर घालू नकोस, चार महिन्यांवर रिटायरमेंट आलीये त्यांची."

जेवणाच्या सुट्टीत ती काकांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. काका डबा उघडत होते. तिने जमेल तसं सांगितलं. तिला नीट सांगता येत नव्हतं, त्यामुळे ते फार थेट बाहेर पडलं.

"काका, बोर्ड चुकत नाहीयेत. तुमची छाती बदललीये."

काकांनी डब्याचं झाकण पुन्हा लावलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला, आणि मग त्यावर राग चढला. एकवीस वर्षांत असं त्यांना कुणी बोललं नव्हतं. "पोरी, तुझ्या जन्माच्या वेळी मी ह्या स्टुलावर बसलो होतो. तू मला छाती शिकवतेस?"

"टेबलावर बोर्ड मांडलेत. तुम्ही फक्त थेंब बघा."

ते उठले ते तिला खोटं पाडायलाच. टेबलाच्या एका टोकापासून चालत निघाले. प्रत्येक थेंब त्यांनी स्वतःच्या हाताने सोडलेला होता. कुठल्या वर्षी बाटली संपत आली होती, कुठल्या वर्षी काकूंनी गुलाबी आणली होती, सगळं त्यांना आठवत होतं. आठव्या-दहाव्या बोर्डापर्यंत त्यांची चाल ठीक होती. लांब्याच्या बोर्डापाशी मंदावली. शेवटच्या बोर्डापाशी ते टेबलाला हात टेकून उभे राहिले.

"सगळ्यात जुना लावून बघू," ते म्हणाले. आवाजातला राग गेला होता.

लॅबचं दार सताड उघडं होतं, बाहेर कुणी नव्हतं. वीस वर्षांपूर्वीचा बोर्ड, स्क्रू बारावर, थेंब जागच्या जागी. नवी बॅटरी घातली. काका स्टुलावर बसले. पडद्यावर सुळका उठला आणि त्याच्यामागचा रस्ता उतरणीला लागल्यासारखा खाली गेला, चांगला बोटभर खाली. भिंतीवर काचेतली पट्टी तशीच होती, सपाट.

"बोर्ड जुना आहे," काका म्हणाले. "मॅडम म्हणतात तसं. भाग म्हातारे झालेत."

खोडरबरने वायरी त्यांच्या अंगावरून काढल्या आणि आपल्या दोन मनगटांना आणि घोट्याला लावल्या. काकांच्या तोंडून "अगं, कागद—" एवढंच निघालं. मंजुरीच्या कागदानुसार ह्या गुन्ह्याला वर्ष बुडायची शिक्षा होती. पडद्यावर तिची रेघ आली. बारका उंचवटा, सुळका आणि मागे रस्ता, पट्टी लावून आखावा तसा सरळ.

काका घाबरले होते. लपवण्यात अर्थ नाही, ते मनापासून घाबरले होते. आपल्याच छातीत आपल्याला न कळवता कुणीतरी नऊ वर्षं राहत होतं, आणि ते जेव्हा जेव्हा दार वाजवायचं तेव्हा तेव्हा आपणच साठ पोरांना सांगत होतो की आवाज बंद करा.

"आजच डॉक्टरकडे जाऊ या, काका. मी येते."

"परवा परीक्षा आहे." त्यांनी शर्टाची बटणं लावायला घेतली, वरचं बटण खालच्या काजात गेलं. "मी नसलो तर परीक्षा होत नाही. दुसरी छाती मंजूर करायची म्हणजे समिती बसणार, महिना जाणार. साठ पोरांचं वर्ष लटकेल. दोन दिवस काढतो. इतकी वर्षं काढली, दोन दिवसांनी काय होतंय?"

"पण परीक्षेत तुम्ही सांगाल ना? मी स्क्रू फिरवणार नाहीये."

"सांगतो," काका म्हणाले. तेव्हा त्यांना खरोखर तसंच वाटत होतं.

परीक्षेच्या दिवशी ते अर्धा तास आधी निघाले आणि सूचनाफलकावरच्या सगळ्या सूचना दोनदा वाचून वर पोचले. बाहेरचे परीक्षक बुटके, नेमस्त गृहस्थ होते. खिशात स्वतःची पट्टी बाळगणारे. भिंतीवरची रेघ त्यांनी डोळ्यांत साठवून घेतली आणि म्हणाले, "वा. ह्याच गृहस्थांची?" मॅडम अभिमानाने हसल्या. "एकवीस वर्षं आमचं हेच स्टँडर्ड आहे, सर."

काकांची मान आपोआप ताठ झाली. तिथेच ते चुकले. एवढ्या एका वाक्याने त्यांचा परवाचा निश्चय विरघळला. एकामागून एक मुलं आली. रेझिस्टर बदललेले बोर्ड, टोकाकडे गेलेले स्क्रू, आणि पडद्यावर सपाट रस्ते. परीक्षक पट्टी लावून बघायचे आणि मार्क द्यायचे. एका घाबरलेल्या पोराला काकांनी सवयीने म्हटलंसुद्धा, "छाती बरोबर आहे, बाळा."

सतराव्या नंबरावर खोडरबर आली. तिने वायरी जोडल्या. स्क्रू मधोमध. रस्ता खाली गेला, बोटभर, आणि दर ठोक्याला पुन्हा पुन्हा जात राहिला.

"जुळत नाही," परीक्षक म्हणाले.

"बोर्ड बरोबर आहे, सर."

"मग चूक काय आहे?"

ती काकांकडे बघत राहिली. मॅडम काकांकडे बघत होत्या. परीक्षकही त्या दोघींच्या नजरेमागोमाग काकांकडे वळले. आता बोलायचं होतं. चार शब्द होते. काकांनी तोंड उघडलं, आणि समोर काचेतली पट्टी दिसली, पाच सह्या दिसल्या, मागे रांगेत उभी राहिलेली त्रेचाळीस पोरं दिसली.

"स्क्रू फिरव, पोरी," ते म्हणाले. सांगणं नव्हतं ते, अजिजी होती.

तिने फिरवला नाही. परीक्षकांनी दोन मिनिटं वाट पाहिली आणि तिच्या नावापुढे शून्य लिहिलं. तिने काकांच्या छातीवरच्या चिकटपट्ट्या एकेक करून हळू काढल्या, केस ओढले जाऊ नयेत म्हणून बोटाने कातडी दाबून धरत, आणि बोर्ड घेऊन निघून गेली. काकांना वाटलं, हिने तोंडावर थुंकून जायला हवं होतं. ते सोपं गेलं असतं.

अठरावा नंबर लागायच्या आत त्यांनी मॅडमकडे पाच मिनिटं मागितली. तिला गाठायचं होतं. दुसऱ्या मजल्यावरून ते भराभरा उतरले, आणि सूचनाफलकाच्या वळणावर त्यांना ती खाली जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसलेली दिसली. त्यांनी हाक मारली. तिने मागे वळून बघितलं तेव्हा काका फलकाला धरून उभे होते, आणि मग उभे नव्हते.

मॅडमच्या गाडीतून त्यांना मोठ्या इस्पितळात नेलं. शुद्ध आली होती, पण ओठ निळसर पडले होते आणि बोलायला दम पुरत नव्हता. काकू परस्पर तिथे आल्या. आत एकाच नातेवाइकाला सोडत होते, त्यामुळे खोडरबर आणि मॅडम दाराबाहेर राहिल्या. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला. सिस्टरने भराभर चिकटपट्ट्या लावल्या, वायरी जोडल्या आणि पडदा सुरू केला. सुळका. मागे खाली गेलेला रस्ता. सिस्टरने भुवया आक्रसल्या आणि डॉक्टरांना बोलवायला वळली, तोच दारातून वाकून कुणीतरी आत आलं.

"काका! अहो, नाव वाचलं यादीत, म्हटलं आपलेच!" लांब्याच तो. नऊ वर्षांत अंगाने भरला होता, पाठ तशीच. त्याने काकूंना नमस्कार केला, काकांचा हात हातात घेतला, आणि मग त्याची नजर पडद्यावर गेली. तो हसला.

"सिस्टर, थांबा हं. ही रेघ चुकीची येतेय. ह्या माणसाची छाती म्हणजे स्टँडर्ड आहे, आम्ही सगळे इंजिनियर झालोय हिच्यावर. हे मशीन गेल्या आठवड्यापासून कटकट करतंय." त्याची बोटं मशीनच्या कडेच्या बटणांवर सराईतपणे चालू लागली. पडद्यावरचा रस्ता हळूहळू वर यायला लागला. "काकांना काय, चक्कर आली असेल. हं, बघा, येतंय."

डॉक्टर खाटांच्या रांगेतून येत होते. दोन खाटा अलीकडे थांबले, कुणाची तरी नाडी बघू लागले, आणि तिथूनच मान वर करून त्यांनी काकांच्या पडद्याकडे बघितलं. रस्ता जवळजवळ सपाट झाला होता. त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा त्या नाडीकडे वळले.

काकांनी ते पाहिलं. काकूंनी पाहिलं नाही, त्या लांब्याकडे आशेने बघत होत्या. ह्या खोलीत खरं काय ते माहीत असलेला माणूस एकच होता, आणि त्याला एका वेळी दोन-तीन शब्दांपुरता श्वास होता. काकांनी मास्क खाली ओढला आणि लांब्याचं मनगट धरलं. निसटत होतं, तरी पुन्हा धरलं.

"फिरवू नकोस," ते म्हणाले.

"अहो काका, सेटिंगच आहे फक्त—"

"छाती चुकीची आहे." श्वास. "मशीन बरोबर आहे. आधीचं कर."

लांब्याच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही, जागेवरच वाळलं. त्याने बटणं उलटी दाबली. रस्ता खाली गेला, खाली गेला आणि तिथेच राहिला. सिस्टरने मोठ्याने हाक मारली तेव्हा डॉक्टर आले. त्यांनी पट्टी छापून घेतली, छातीवर नळी ठेवून ऐकलं, पुन्हा ऐकलं.

"हृदयाची झडप अरुंद झालीये. बरीच," ते काकूंना म्हणाले. "किती दिवसांपासून त्रास आहे?"

"जिन्यात दम लागतो," काकू म्हणाल्या. "चार-सहा महिने झाले असतील. मी विचारलं की म्हणायचे नोटीस वाचतो."

"चार-सहा महिन्यांत असं होत नाही."

"नऊ वर्षं," लांब्या म्हणाला. तो पडद्याकडेच बघत होता, आणि त्याचा अंगठा आणि तर्जनी हवेत बारीक काहीतरी धरल्यासारखी एकमेकांना चिकटली होती. "कमीत कमी नऊ. माझ्या वेळी पाव फेरा होता."

"तुम्हाला काय माहीत?"

"मीच फिरवला होता."

काकांनी मास्क पुन्हा बाजूला केला. काकू हात धरायला गेल्या, त्यांनी तो हलकेच दूर केला. "मी सांगितलं होतं त्याला," ते म्हणाले. मग थोडा दम घेऊन, "बाहेर एक मुलगी आहे. तिचं शून्य... मॅडमना सांग. बोर्ड बरोबर होता तिचा."

डॉक्टरांना ह्यातलं काही कळलं नाही. त्यांनी मास्क जागेवर लावला आणि दाराकडे वळून स्ट्रेचर मागवलं. मग पडद्याकडे एकदा बघून आवाज चढवून पुन्हा मागवलं.